पन्नास मिनिटं आणि एक बंद दार

वाचकाचं पत्र:

"मी ३३ वर्षांची आहे, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. पतसंस्थेत नोकरी करते. मिस्टर अंबडच्या कंपनीत आहेत, तिन्ही शिफ्ट असतात. घरात सासूबाई आणि पाच वर्षांची मुलगी. सात-आठ महिने झाले, रात्री तीनला जाग येते, छातीत धडधडतं आणि डोक्यात कामाची यादी सुरू होते. रविवारी दुपार कलली की पोटात गोळा येतो. ह्यांच्याशी कशावरूनही वाजतं आणि मग तीन-चार दिवस अबोला. मैत्रीण म्हणते ऑनलाइन थेरपी घे. पण नुसतं बोलायला हजार-बाराशे रुपये? समोरचा माणूस खरा तज्ज्ञ कशावरून? आणि टू बीएचकेमध्ये मी बोलू कुठे? हे म्हणतात, बोलायचंच आहे तर माझ्याशी बोल. मी वेडी झालेय असं कुणाला वाटायला नको."

उत्तर:

ताई, तुम्ही वेडी झालेला नाहीत. तुम्ही लिहिलंय ती चिंतेची अगदी ओळखीची लक्षणं आहेत, आणि अशा त्रासावर ऑनलाइन थेरपी चालते. सौम्य ते मध्यम चिंता आणि नैराश्य यांसाठी व्हिडिओवरून नीट केलेली थेरपी समोरासमोर बसून केलेल्या थेरपीइतकीच उपयोगी पडते, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. फक्त 'नीट केलेली' या दोन शब्दांत बरंच काही येतं. माणूस योग्य हवा, जागा बंद हवी आणि दोन सेशनच्या मधल्या आठवड्यात तुमच्याकडून काम व्हायला हवं. यातलं एकही लंगडं पडलं तर पैसे गेल्यासारखेच वाटतील.

त्याआधी एक साधं काम. फॅमिली डॉक्टरांना दाखवून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. थायरॉइड ग्रंथीचं काम वाढलेलं असलं तरी धडधड, घाम, झोपमोड असं सगळं होतं, आणि मग सहा महिने मनावर काम करूनही धडधड तशीच राहते. जिना चढताना छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर ईसीजीही काढा. दुपारी चारनंतरचा चहा महिनाभर बंद करून पाहा. पतसंस्थेत मार्चअखेरीला दिवसाला सहा-सात कप सहज होतात आणि त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

आता माणूस कसा ओळखायचा. तीन प्रकारचे लोक या क्षेत्रात काम करतात आणि जाहिरातीत तिघांनाही सरसकट 'थेरपिस्ट' म्हटलं जातं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. औषध लिहून देण्याचा अधिकार या तिघांत त्यांनाच आहे. त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नावानिशी पाहता येते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, यांनी बहुधा एम.फिल. केलेलं असतं आणि त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. त्यांना सीआरआर नंबर, म्हणजे परिषदेच्या नोंदवहीतला क्रमांक, मिळतो. तो बेधडक मागा. आरसीआयच्या वेबसाइटवर नाव आणि नोंदणीची मुदत दोन्ही जुळतात का ते पाहा, कारण मुदत संपलेली नोंदणीही लोक वर्षानुवर्षं मिरवतात. तिसरे समुपदेशक: मानसशास्त्रात एमए, किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) आणि पुढे समुपदेशनाचा डिप्लोमा. यांच्यात उत्तम काम करणारे पुष्कळ आहेत, पण गोंधळही इथेच सर्वात जास्त आहे. 'लाइफ कोच', 'माइंड हीलर' अशा पदव्या दोन दिवसांच्या कार्यशाळेतूनही मिळतात.

तुमच्या आत्ताच्या त्रासासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा चांगला प्रशिक्षित समुपदेशक पुरे आहे. पुष्कळ जण पहिला दहा-पंधरा मिनिटांचा फोन मोफत घेतात. त्यात विचारायचं: शिक्षण कुठल्या विद्यापीठातून? चिंता आणि झोपेच्या तक्रारीवर कोणत्या पद्धतीने काम करता? स्वतःच्या केसेसबद्दल कुणा वरिष्ठांशी चर्चा करता का? दर वेळी तुम्हीच असाल ना? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'जो उपलब्ध असेल तो' असं आलं तर तिथे जाऊ नका. दर आठवड्याला नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगत बसण्यात थेरपी होत नाही.

वीस सेशनचं पॅकेज आगाऊ भरा म्हणणारा, 'सात दिवसांत चिंतामुक्ती' लिहिणारा, पत्रिका मागणारा, आणि पहिल्याच भेटीत 'नवऱ्याला सोडा' किंवा 'जुळवून घ्या' असा निकाल देणारा, या चौघांपासून लांब राहा. मोबाइलवरच्या चॅटबॉटशी बोललं की मन थोडं हलकं होतं हे खरं, पण अबोल्याच्या तिसऱ्या दिवशी तुमचा आवाज कसा बदललाय हे त्याला ऐकू येत नाही, आणि उद्या काही बिनसलं तर त्याची जबाबदारी घ्यायला तिथे कुणी नसतं.

पैशांचं सरळ गणित मांडू. ४५ ते ५० मिनिटांच्या सेशनला साधारण ५०० ते २००० रुपये पडतात, नावाजलेल्या लोकांकडे जास्तही. हजार रुपये धरा. पहिले सहा सेशन दर आठवड्याला आणि पुढचे दोन पंधरा दिवसांनी घेतले तर अडीच महिन्यांत आठ हजार. तुमच्यासारख्या तक्रारीत सहा ते बारा सेशनमध्ये फरक दिसायला हवा. ठरलेला सेशन २४ तास आधी न कळवता रद्द केला तर पूर्ण फी लागते, असा बहुतेकांचा नियम असतो. तुमच्या घरात शिफ्ट बदलतात, त्यामुळे हे आधीच बोलून घ्या. पावती मागाच.

हेही परवडत नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, मानसोपचाराची ओपीडी आहे. फोनवर हवं असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तिथे दर वेळी तोच समुपदेशक मिळेल असं नसतं, म्हणून दर आठवड्याच्या थेरपीची जागा ती घेऊ शकत नाही. पण रात्री तीन वाजता जीव घाबरा झाला असताना दुसरं कोण फोन उचलणार? नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा.

तुमचा सर्वात अवघड प्रश्न जागेचा आहे. थेरपी अर्धवट सोडणाऱ्या अनेकांचं खरं कारण तेच असतं. तोंडावर सांगतात 'फरक पडला नाही', आणि झालेलं असतं असं की भिंतीपलीकडे सासूबाई असल्यामुळे सासूबाईंबद्दलचा शब्द एकदाही तोंडातून निघालेला नसतो.

आधी आठवड्याचा आराखडा पाहा. ह्यांची दुपारची शिफ्ट असते तेव्हा संध्याकाळी घरात तुम्ही तिघीच असता. सासूबाई मुलीला घेऊन खाली बागेत किंवा देवळात जातात ती वेळ कोणती? ती पाऊण-एक तासाची खिडकी पकडा. रात्री दहाची वेळ सोयीची वाटते, पण घेऊ नका: मुलगी झोपलेली नसते, तुम्ही थकलेल्या असता आणि उकरून काढलेलं सगळं घेऊन लगेच अंथरुणावर पडावं लागतं.

बेडरूममध्ये बसताना दाराजवळ बसू नका. कपड्यांचं कपाट असेल त्या बाजूला, कपाटाकडे तोंड करून बसा आणि कपाट उघडं ठेवा. लटकलेल्या साड्या आणि कपडे आवाज पितात, मोकळी भिंत तो परत फेकते. दाराखालच्या फटीत जुनी चादर गुंडाळून लावा. पंखा तीनवर. हॉलमध्ये टीव्ही किंवा रेडिओ चालू असेल तर उत्तमच. इअरफोनने समोरच्याचा आवाज झाकतो, तुमचा झाकत नाही. उलट इअरफोन घातले की माणूस नकळत मोठ्याने बोलतो, म्हणून एक कान मोकळा ठेवा. फोन हातात धरू नका, डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि उजेड तोंडावर येऊ द्या. चेहरा दिसला नाही तर समोरच्याचं अर्धं काम अडतं.

सासूबाईंना काय सांगायचं? 'ऑफिसची मीटिंग' असं खोटं सांगितलंत तर दर आठवड्याला ते सांभाळत बसावं लागेल. 'डॉक्टरांशी बोलायचंय, झोपेच्या तक्रारीबद्दल, पाऊण तास लागेल' हे खरंही आहे आणि पुरेसंही. तरी कुणी दार उघडलंच तर? थेरपिस्टशी पहिल्याच दिवशी एक खुणेचं वाक्य ठरवा, उदाहरणार्थ 'त्या फाइलचं उद्या बघते'. ते ऐकलं की समोरून विषय बदलेल.

घरात जमतच नसेल तर पतसंस्थेची रेकॉर्ड रूम, कॅशचा हिशोब जुळवून झाल्यावर, तासभर उशिरा निघून. मैत्रिणीचा फ्लॅट. कुणाची उभी असलेली गाडी, काचा वर करून. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालत चालत ऑडिओ सेशन घेणारे असतात, पण पहिले दोन-तीन सेशन तसे नकोत. रडू आलं तर थांबायला आडोसा नसतो, आणि ओळखीचं माणूस समोरून आलं की बोलणं तुटतं ते तुटतंच.

इंटरनेटचंही ठरवून ठेवा. वायफाय गेलं तर मोबाइल डेटा चालू करायचा, कॉल तुटला तर पाच मिनिटांच्या आत फोन तिकडून येईल की इकडून, हे आधी बोलून घ्यायचं. थेरपिस्ट सुरुवातीला तुमचा पत्ता आणि घरातल्या किंवा जवळच्या एका माणसाचा नंबर मागतील. ती चौकशी आगाऊपणाची वाटते, पण ते पुण्यात किंवा बंगळुरूत बसलेले असताना तुम्हाला इथे तातडीची मदत लागली, तर पाठवणार कुठे? न मागणाऱ्यापेक्षा मागणारा बरा.

गुप्ततेबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ ने ती तुमचा हक्क केली आहे. अपवाद थोडे आहेत: कुणाच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं समजणं, जे पॉक्सो कायद्याखाली कळवावंच लागतं. नवऱ्याने फोन करून 'ती काय सांगते' विचारलं तर थेरपिस्टने उत्तर देता कामा नये. मात्र माहिती फुटते ती बहुतेक वेळा घरातूनच. मुलीच्या हातात खेळायला दिलेल्या फोनवर 'उद्याचा सेशन ७ वाजता' असा मेसेज झळकतो. जॉइंट खात्यातून यूपीआय केलं की नाव पासबुकात उमटतं. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा आणि पैसे कोणत्या खात्यातून जाणार ते आधी ठरवा.

पहिल्या सेशनमध्ये हलकं वाटेलच असं नाही. तो माहिती घेण्यात जातो. दुसऱ्या-तिसऱ्यानंतर उलट जड वाटू शकतं, कारण दाबलेलं वर येतं, आणि नेमकं तिथेच बरेच जण सोडतात. सेशन संपल्यावर दहा मिनिटं तरी स्वतःला द्या. डोळे पुसून तडक पोळ्या लाटायला जाऊ नका.

थेरपिस्ट सुरुवातीला सात प्रश्नांची एक तक्त्यासारखी चाचणी देतील, जीएडी-७ नावाची. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २१. दहा किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासणी हवी असं समजतात. तुमचा आकडा लिहून ठेवा आणि पाचव्या सेशनला पुन्हा भरा. उद्दिष्टही मोजता येईल असं ठेवा. 'मन शांत व्हावं' हे मोजता येत नाही. 'जाग आली तरी आठवड्यातल्या पाच रात्री अर्ध्या तासात पुन्हा झोप लागावी' हे येतं.

आणि गृहपाठ. समजा गुरुवारी सायंकाळी सहाला मॅनेजरचा मेसेज आला: 'उद्या जरा भेटा.' पोटात गोळा. वहीत लगेच लिहायचं. काय घडलं: हा मेसेज. मनात काय आलं: हिशोबात माझी चूक सापडली, आता काढून टाकणार. किती खरं वाटतं: ८५ टक्के. याच्या बाजूने पुरावा: मागच्या महिन्यात एक व्हाउचर चुकलं होतं. विरुद्ध पुरावा: ते त्याच दिवशी दुरुस्त केलं, 'जरा भेटा' हा मेसेज त्यांनी याआधी चार वेळा पाठवला आणि चारही वेळा ऑडिटच्या फाइलींचं काम होतं. आता किती खरं वाटतं: ४०. शून्य झालं नाही तरी चालेल, चाळीसवर झोप लागते. यात एक चूक नेहमी होते: आठवडाभर काहीच न लिहिता सेशनच्या आधी बसून सगळं आठवून भरायचं. तोवर धडधड विरलेली असते आणि आकडे शहाण्यासारखे येतात. दुसरी चूक म्हणजे थेरपिस्ट मॅडमना आवडेल असं लिहायचं. वही तुमची आहे, खाडाखोड असू द्या.

रात्री तीनला जाग येते, त्यासाठी मात्र सेशनची वाट पाहू नका. वीसेक मिनिटं झोप आली नाही असं वाटलं की उठा, हॉलमध्ये मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत जा. घड्याळ आणि मोबाइल पाहायचा नाही. कितीही वाजता झोप लागली तरी उठायची वेळ एकच, सुट्टीच्या दिवशीही. श्वास चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, पाच मिनिटं, सावकाश. 'दीर्घ श्वास घ्या' ऐकून लोक भराभर मोठे श्वास ओढतात, त्याने बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि घाबरणं वाढतं. बाहेर सोडणं लांबवायचं आहे. आणि कामांची यादी संध्याकाळी सातला, पंधरा मिनिटं बसून, कागदावर उतरवा. मनाला ती यादी आठवून द्यायचीच असते. संध्याकाळी जागा दिली नाही तर ते रात्री तीनला उठवतं.

आता तुमच्या ह्यांच्याबद्दल. 'माझ्याशी बोल' म्हणतात, ते चांगल्या मनानेच म्हणत असतील. पण ज्याच्याशी भांडण आहे त्याच्यासमोर त्या भांडणाबद्दल तोलूनमापूनच बोललं जातं. थेरपिस्टला तुमच्या घरात कुणाची बाजू घ्यायची नसते. हे मिस्टरांना याच शब्दांत सांगून पाहा.

पत्रात तुम्ही लिहिलंय, 'कशावरूनही वाजतं'. दोन आठवडे एक नोंद ठेवा: वार, वेळ, ह्यांची शिफ्ट कोणती, दोघांपैकी कोण उपाशी होतं, कोण झोपलेलं नव्हतं. विषय लिहू नका. शिफ्टच्या घरांत बहुधा असं दिसतं की भांडणं विषयांभोवती कमी आणि वेळांभोवती जास्त जमतात. रात्रपाळी करून माणूस सकाळी घरात येतो, त्याच वेळी तुम्ही एका हाताने डबा भरत असता आणि दुसऱ्या हाताने वेणी घालत असता, आणि तेवढ्यात निघतो लाइट बिलाचा विषय. दोघांचंही बरोबर असतं, पण शरीरात त्राण कुणाच्याच नसतं. तुमच्या नोंदीतही तसं दिसलं तर एकच नियम करा: शिफ्टवरून आल्यावर दोन तास पैसे आणि आई हे दोन विषय बंद.

आवाज चढला की थांबा, पण थांबताना परत यायची वेळ सांगा: 'आत्ता नको, साडेनऊला बोलू.' निदान अर्धा तास जाऊ द्या, तापलेलं शरीर त्याआधी खाली येत नाही. अबोल्यालाही लोक थांबणंच समजतात, पण अबोल्याला परतीची वेळ नसते, म्हणून तो तीन-चार दिवस चालतो. साडेनऊला खरंच बसायचं, नाहीतर पुढच्या वेळी त्या शब्दावर विश्वास राहत नाही.

तुमचे चार-पाच सेशन झाल्यावर ह्यांना एकदा सोबत बोलवा. 'तुम्हाला गरज आहे' असं म्हणाल तर दार बंद. 'मला तुम्ही एक तास सोबत हवे आहात, दोनदा या, मग ठरवा' एवढंच म्हणा. जोडप्याचं सेशन एकाच खोलीत, एकाच स्क्रीनवर घ्या. एक कंपनीच्या गेटवर आणि एक घरी असं घेतलं की एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत आणि कॉल तुटला की भांडण तिथेच लटकतं. हात उगारला जात असेल किंवा बोलल्याबद्दल नंतर धमकावलं जाईल अशी भीती असेल तर जोडप्याचं सेशन घ्यायचंच नाही. तिथे मनातलं बोलणंच धोक्याचं ठरतं. अशा वेळी महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२.

जगू नये असं वाटणं, आवाज ऐकू येणं, चार-पाच दिवस जवळजवळ न झोपताही अंगात विलक्षण जोर असणं, किंवा रोज पिणाऱ्याने दारू अचानक थांबवल्यावर हातपाय थरथरणं, यांतलं घरात कुणालाही काही झालं तर व्हिडिओ कॉलवर थांबू नका. थेट रुग्णालय.

चौथ्या सेशनपर्यंत त्या व्यक्तीशी सूर जुळला नाही तर तिला तसं सांगा. चांगला थेरपिस्ट रागावत नाही. पद्धत बदलतो किंवा दुसरं नाव सुचवतो. काही न सांगता गायब व्हायचं आणि 'थेरपीचा उपयोग होत नाही' असं ठरवायचं, हे करू नका.

पहिला मेसेज काय लिहायचा यावरच पुष्कळ जणींचे पंधरा दिवस जातात, म्हणून तो इथे लिहून देतो. नावं, वेळा तुमच्या घाला.

"नमस्कार. वय ३३, नाशिक. मला मराठीत बोलायचं आहे. सात-आठ महिने रात्री तीनला जाग, धडधड आणि घरात भांडणं, असा त्रास आहे. आत्महत्येचे विचार नाहीत. औषधं सुरू नाहीत. मंगळवार किंवा गुरुवार, संध्याकाळी ६.३० ते ७.३० जमेल. घरात माणसं असतात, त्यामुळे मेसेज फक्त दुपारी १ ते २ मध्ये पाठवा, फोन आधी विचारल्याशिवाय करू नका. कृपया आपलं शिक्षण, नोंदणी क्रमांक, फी आणि सेशन रद्द करण्याचा नियम कळवा."